मल्हारगंज ते मिलचं गेट : एका पायी वाटेचा हिशेब

गेल्या श्रावणात माळा साफ करताना अण्णांची पत्र्याची पेटी खाली काढली. अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली, पण पेटी कुणी उघडली नव्हती. आत प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, हजेरीकार्डं, पितळेचे दोन बिल्ले आणि चौघडी घातलेला एक टाइप केलेला हिंदी कागद निघाला. साल १९६४. मजूर वस्तीतलं एक क्वार्टर आपल्या नावे मंजूर झालं आहे, महिन्याच्या आत ताबा घ्यावा, नाहीतर ते पुढच्या अर्जदाराला देण्यात येईल, असा मजकूर. मागच्या बाजूला अण्णांच्या बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला : ‘नाही’.

ते क्वार्टर मिलच्या गेटापासून चालत दहा मिनिटांवर होतं. आम्ही राहायचो मल्हारगंजात, वाड्यातल्या दोन खोल्यांत. अण्णा १९५८ साली मिलच्या साळखात्यात लागले आणि १९७६ मध्ये सायकल येईपर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, रोज पायी गेले आणि पायी आले. आम्हा भावंडांचा समज असा की त्यांच्यासमोर दुसरा काही मार्गच नव्हता. कागद सांगत होता की मार्ग होता आणि त्यांनी तो नाकारला होता. का?

मी इतिहासाचा पदवीधर नाही. अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनी टाकण्यात गेली. त्यामुळे कुठलाही प्रश्न समोर आला की आधी लांबी मोजायची, हीच सवय. तसंच केलं.

पण आधी बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा नकाशा. इंदूरचं जुनं शहर राजवाड्याभोवती, खान आणि सरस्वती या दोन नद्यांच्या काठानं वाढलं. पहिली कापड मिल काढली ती दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी, दरबारच्या पैशानं, १८६० च्या दशकात. रेल्वे तोवर आलेली नव्हती, आणि विलायतेहून आलेली यंत्रं हत्तींवरून इंदूरला आणली असं अजून सांगतात. रेल्वेसाठीही याच तुकोजीरावांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीवर. रूळ पडले ते जुन्या शहराच्या पूर्वेला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार अशा मिल एकामागोमाग उभ्या राहिल्या. त्यांना कोळसा आणि कापूस उतरवायला रूळ जवळ हवे होते आणि जमीन स्वस्त हवी होती. त्यामुळे बहुतेक मिल रुळांच्या पलीकडे, ईशान्येला गेल्या. माणसं मात्र निम्मीशिम्मी अलीकडेच राहिली.

पलीकडे वस्त्या झाल्याच. परदेशीपुरा हे नाव मराठी कानाला लगेच कळतं, कारण आपल्या जुन्या बोलीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्याला ‘परदेशी’ म्हणत. दूरवरून आलेला माणूस गेटाजवळ खोली बघणार, हे साहजिकच. ज्याचं घर आधीपासून गावात आहे, त्याला मात्र रोज ठरवायचं होतं : चालायचं, की घर सोडायचं?

हा प्रश्न इंदूरात कागदावर प्रथम नीट मांडला तो एका स्कॉटिश म्हाताऱ्यानं. पॅट्रिक गेडेस. मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेला. (आपला धंदा सोडून दुसऱ्याच्या शेतात शिरणाऱ्यांबद्दल मला जरा जास्त आपुलकी आहे, हे मान्य करतो.) तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात दरबारनं त्यांना बोलावलं आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. गेडेस यांची पद्धत म्हणजे चालणं. हातात नकाशा घेऊन गल्लीन् गल्ली फिरायचं, मग बोलायचं. तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती. हा साहेब जिथे बोट दाखवतो तिथली घरं पाडतात आणि प्लेग हाच आणतो, असं लोक समजत, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्यावर गेडेस यांनी काढलेला तोडगा म्हणजे दिवाळीची मिरवणूक. जो मोहल्ला सगळ्यात स्वच्छ, त्याच्यातून मिरवणूक जाणार. लोकांनी घरं झाडली, रंगवली, उंदीर मारले. मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून मानानं चालले. २०१७ पासून आपण देशात स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवतो, तेव्हा हा जुना प्रयोग एखाद्या फलकावर तरी यायला हवा होता.

गेडेस यांनी मिलच्या बाजूला कामगारांसाठी घरं, बागा आणि मोकळी जागा असलेली नवी वस्ती सुचवली. जुन्या शहरातली घरं सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला मात्र त्यांचा विरोध होता. त्यांचा विचार सरळ होता. गेट जिथे आहे तिथे घर न्या, म्हणजे माणसाचे पाय आणि वेळ वाचेल. स्वातंत्र्यानंतर झालेलं नंदानगर मला त्याच विचाराचं पुढचं पाऊल वाटतं. नाव गुलझारीलाल नंदांवरून, जे स्वतः अहमदाबादच्या मजूर महाजनात घडले होते. १९५२ साली केंद्रानं औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदानाची योजना काढली आणि देशभर अशा वस्त्या झाल्या. अण्णांचा कागद त्या काळातला. अण्णांनी ‘नाही’ लिहिलं ते काही वाईट योजनेला नव्हे, चांगल्या योजनेला.

आता लांबी. नोव्हेंबरातल्या एका पहाटे साडेपाचला मंडळाचे आम्ही चौघं मल्हारगंजातून निघालो. गोराकुंड, खजुरी बाजार, राजवाडा. राजवाड्याशी पोहे-जलेबीची कढई नुकती चढत होती. तिथे थांबायचं नाही असं आधीच ठरलेलं, ते पाळायला सगळ्यात कठीण गेलं. पुढे कृष्णपुऱ्याचा पूल, डावी-उजवीकडे अजून काळोख आणि छत्र्यांची नुसती कड दिसणारी. मग गांधी हॉल, रुळांवरचा शास्त्री पूल, रीगल, आणि तिथून उत्तरेला मिलच्या दिशेनं. गेट आता नाही, जागा दाखवता येते एवढंच. अंतर ४.७ किलोमीटर, वेळ सत्तावन्न मिनिटं. आमच्यातला एक जण मधुमेही, एकाच्या गुडघ्याला पट्टा, तरी हा वेग वाईट नाही.

हिशेब करू. जाऊन-येऊन ९.४ किलोमीटर, १ तास ५४ मिनिटं. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५७० तास. आठ तासांची एक पाळी, म्हणजे वर्षाला एकाहत्तर पाळ्या अण्णा रस्त्यावर भरत होते, बिनपगारी. अठरा वर्षांचे किलोमीटर पन्नास हजारांच्या वर जातात, पृथ्वीच्या घेरापेक्षा जास्त. पण तो आकडा नुसता टाळ्या घ्यायला बरा. मला पाळ्यांचा आकडा जास्त खरा वाटतो. आणि अण्णांचा काळ त्यातल्या त्यात बरा. ब्रिटिश हिंदुस्थानात १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ मध्ये तो अकरा तास झाला. संस्थानांना हे कायदे आपोआप लागू नव्हते. १९४८ च्या कायद्यानं दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, ती सगळ्यांना. बारा तास उभं राहून वर दोन तास चालणारा माणूस झोपायचा कधी?

मात्र या सगळ्या कायद्यांत दिवस सुरू होतो तो गेटाशी. गेटाच्या आतलं मिनिट मालकाचं, बाहेरचं तुमचं. हे आमच्या घराला १९७४ च्या पावसाळ्यात कळलं. पहिला भोंगा होऊन गेलेला, अण्णांना उशीर झालेला. अशा वेळी ते पुलाचा वळसा टाळून रामबाग, चिमणबागेकडून जात आणि सरळ रूळ ओलांडत. त्या दिवशी ओल्या खडीवर पाय सरकला आणि घोटा मोडला. सात आठवडे घरी. कचेरीत सांगितलं, अपघात गेटाबाहेरचा आहे, कामाचा नाही. आजारपणाचा भत्ता मिळाला, कामावरच्या इजेचा नाही, आणि दोन्हींत चांगलाच फरक होता. त्या महिन्यांत आईच्या बांगड्यांपैकी दोन गेल्या. मी पाच वर्षांचा होतो, मला फक्त प्लास्टरवर रेघोट्या मारल्याचं आठवतं.

कचेरीचं चूक नव्हतं, कायदाच तसा होता. १९९६ सालीसुद्धा सर्वोच्च न्यायालयानं, कारखान्यापासून किलोमीटरभरावर सायकलवर असताना लॉरीनं उडवलेल्या कामगाराची इजा कामावरची मानली नाही. २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यात कलम घातलं गेलं की घर ते काम या वाटेवरचा अपघात, वेळ-जागेचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच समजावा. आणि जुलै २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात, न्यायालयानं हेच तत्त्व नुकसानभरपाईच्या जुन्या १९२३ च्या कायद्यालाही लावलं. तो रखवालदार २००३ साली पाळीवर निघालेला, कारखाना पाचेक किलोमीटर राहिलेला. पाच किलोमीटर. म्हणजे साधारण मल्हारगंज ते मिल. ती वाट कामाचा भाग आहे, हे मान्य व्हायला इतकी वर्षं लागली.

इथवर लिहून मी लेख पूर्ण झाला असं समजत होतो. निष्कर्षही तयार होता : अण्णा हट्टी, वाड्यातलं नऊ रुपये भाडं सोडवेना, शिवाय आजी जागा हलवायला तयार नसणार. मंडळाच्या बैठकीत वाचायच्या आदल्या रात्री कागद आईला दाखवला. दाखवावा की नाही, हे महिनाभर मनात घोळत होतं. तिचं वय आता त्र्याऐंशी. तिला न विचारता अण्णांनी चांगलं घर घालवलं, हे आता कशाला कळवायचं?

तिनं कागद उलटा केला, तो एक शब्द वाचला आणि म्हणाली, “मीच नको म्हटलं होतं.”

मग सांगितलं. ती एकदा क्वार्टर बघून आली होती, नणंदेला घेऊन. घर चांगलं होतं, हवेशीर, पुढे अंगण, तुळस लावायला जागा. (गेडेसही तुळशीवृंदावनाबद्दल जिव्हाळ्यानं लिहितात, पण हे मी तिला सांगितलं नाही.) पण वाड्यात नळ दारात होता. तिथे ओळीला एक नळ, आणि ती गेली तेव्हा दुपारी चारला बायका हंडे मांडून बसलेल्या. दुसरं म्हणजे तिचं शिवण. मल्हारगंजातल्या पंधरा-वीस घरांचे परकर-पोलके तिच्याकडे येत, ते पैसे कुणाच्या हिशेबात नव्हते. नव्या वस्तीत कोण ओळखणार होतं तिला? सासूचा दवाखाना दोन गल्ल्यांवर होता, आणि मोठीची शाळा हाकेच्या अंतरावर. “ह्यांचे दोन तास वाचले असते रे, पण माझे चार गेले असते. ते म्हणाले, मग मी चालतो.”

मी गप्प बसलो. चार महिने मी अंतर मोजत होतो ते घरापासून गेटापर्यंत. त्या घरापासून नळ किती लांब, गिऱ्हाईक किती लांब, हे मोजायचं डोक्यातच आलं नाही. दरबार, मिलमालक, गेडेस, नंदाजी, सगळ्यांच्या नकाशावर कामगाराच्या घरातून एकच रेघ निघते. आता मंडळात आम्ही ठरवलंय की मिलच्या जुन्या घरांतल्या बायकांकडून ही दुसरी अंतरं टिपून घ्यायची. घाई करायला हवी. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, तिच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ ला निघाला, आणि तोवर त्यांतले कितीतरी जण हयात नव्हते. बायका त्यांच्याहून थोड्या लहान, पण त्याही ऐंशीच्या पुढे गेल्यात.

आईनं कागद घडी करून परत दिला. मग विचारलं, “तुम्ही चौघं गेलात म्हणे पायी. किती वेळ लागला?”

“सत्तावन्न मिनिटं.”

“ह्यांना पन्नास लागायची. पुलावरून.”

वरच्या हिशेबातला एकाहत्तर पाळ्यांचा आकडा त्यामुळे चुकला आहे. तो साडेबासष्ट असा वाचावा.