प्रकाशावर चालणारी शरीरांतर्गत यंत्रे

शरीरात बसवल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांचा इतिहास वरवर पाहता शल्यचिकित्सेचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा वाटत असला, तरी उपकरण किती मोठे असावे आणि ते किती वर्षे चालावे, हे त्यात सुरुवातीपासून ऊर्जेनेच ठरवले आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग या शल्यविशारदाने रुने एल्मक्विस्ट यांनी तयार केलेला पेसमेकर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणारे उपकरण, प्रथमच संपूर्णपणे रुग्णाच्या शरीरात बसवला, तेव्हा त्यातील निकेल-कॅडमियम घट शरीराबाहेर धरलेल्या वेटोळ्यातून, विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने, भारित करण्याची योजना होती; म्हणजेच बिनतारी ऊर्जापुरवठ्याची कल्पना शरीरांतर्गत पेसमेकरइतकीच जुनी आहे.

मात्र पुढील दोन दशकांत संशोधनाचा ओघ टिकाऊ घटांकडे वळला. १९६० मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे विल्सन ग्रेटबॅच आणि विल्यम चार्डॅक यांनी पाऱ्याचे घट वापरले, १९७० मध्ये पॅरिसमध्ये प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारा पेसमेकर बसवला गेला, आणि १९७२ पासून लिथियम-आयोडीन घट आल्यावर उपकरणाचे आयुष्य इतके वाढले की बाहेरून ऊर्जा देण्याची निकड ओसरली. तरीही घट संपला की उपकरण बदलण्यासाठी शस्त्रक्रिया अटळच राहिली आणि उपकरणातील बरीच जागा घटालाच द्यावी लागली.

प्रकाशाचा पर्याय १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या सिलिकॉनच्या सौर घटामुळे शक्य झाला. अडचण होती ती त्वचेची आणि रक्ताची. दृश्य प्रकाशाचा बराच भाग रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते, लांब तरंगलांबीचे अवरक्त किरण पाणी शोषते. परंतु साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दोन्हींचे शोषण कमी असल्याने प्रकाश ऊतींत काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर शिरू शकतो. याच पट्ट्याचा आधार घेऊन २००१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की त्वचेखालील प्रकाशघटांवर सुमारे १७ मिनिटे अवरक्त प्रकाश टाकल्यास पेसमेकरला दिवसभर पुरेल इतकी ऊर्जा साठवता येते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ३२ स्वयंसेवकांच्या दंडावर, त्वचेसारखी गाळणी लावलेले ३.६ चौरस सेंटिमीटरचे सौर घट बांधले आणि उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत मोजमाप केले. त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पेसमेकरला लागणाऱ्या ५ ते १० मायक्रोवॉटपेक्षा अधिक सरासरी शक्ती त्यांतून मिळाली. तरीही रुग्णांच्या छातीतील पेसमेकर आजही मुख्यतः लिथियमवरच चालतात.

प्रकाशाला खरे कार्यक्षेत्र लाभले ते डोळ्यात, कारण तिथे त्याला त्वचा आणि मांस ओलांडावे लागत नाही. २००० मध्ये अमेरिकेत ॲलन आणि व्हिन्सेंट चाऊ या बंधूंनी सुमारे ५,००० सूक्ष्म प्रकाशघटांची, २ मिलिमीटर व्यासाची सिलिकॉन चकती रुग्णांच्या दृष्टिपटलाखाली बसवली. पण केवळ सभोवतालच्या उजेडातून मिळणारी वीज चेतापेशींना उत्तेजित करण्यास अपुरी होती. स्टॅनफर्डच्या डॅनियल पॅलँकर यांनी या मर्यादेवर उपाय काढला: चष्म्यातील कॅमेरा दृश्य टिपतो, प्रक्षेपक ते तीव्र अवरक्त प्रकाशात डोळ्यात पाठवतो, आणि २ मिलिमीटर बाजूच्या ‘प्रिमा’ चकतीतील ३७८ घटकांना प्रतिमा व ऊर्जा एकाच किरणातून मिळतात, हा प्रकाश उरलेल्या नैसर्गिक पेशींना दिसत नसल्यामुळे कडेची दृष्टीही अबाधित राहते. वार्धक्यात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेल्या ३८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वर्षभर तपासणीत राहिलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या दृष्टीत अर्थपूर्ण सुधारणा आढळली.

म्हणून या इतिहासाचे श्रेय कोणत्याही एका ऊर्जास्रोताच्या श्रेष्ठतेला देता येत नाही. हृदयाला वर्षानुवर्षे अखंड पुरवठा हवा होता, म्हणून तिथे घट टिकला; दृष्टिपटलावर शेकडो बिंदूंना एकाच वेळी वेगवेगळी उत्तेजना हवी होती आणि तितक्या तारा किंवा तितके घट तिथे मावणे शक्य नव्हते, म्हणून तिथे प्रकाश उपयोगी पडला. ऊर्जेची निवड अवयवाच्या रचनेनुसार करावी लागते, हा सहा दशकांहून अधिक काळाच्या या परिश्रमांनी दिलेला सर्वांत मोलाचा धडा आहे.