फिरते वळू घोडे (न्यूझीलंड)

एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडच्या कँटरबरी आणि ओटागो या शेतीप्रधान भागांत पैदाशीसाठी फी घेऊन गावोगाव फिरवले जाणारे घोडे. या बेटांवर मुळात घोडा नव्हता. सॅम्युअल मार्सडेन या मिशनऱ्याने १८१४ मध्ये पहिले घोडे आणले.

नांगरटीला ताकदीचे जनावर हवे, पण जातिवंत वळू पाळणे लहान शेतकऱ्याला झेपत नसे. म्हणून घोडाच दारी येई. हंगाम दक्षिण गोलार्धातल्या वसंताचा, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. मोतद्दार लगाम धरून ठरलेल्या वाटेने निघे. कोणत्या वारी कोणत्या खानावळीपाशी मुक्काम, हे वर्तमानपत्रात आधीच छापलेले असे. त्याच जाहिरातीत घोड्याचा रंग, उंची, आईबापांची नावे, जिंकलेली बक्षिसे आणि घोडीमागे फी. मोतद्दाराचे पैसे अनेकदा वेगळे. घोडी गाभण राहिली, तर सुमारे अकरा महिन्यांनी शिंगरू.

ओढकामाला पसंती स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेलला: रुंद छाती आणि खुरांवर लोंबणारे दाट केस.

शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीत मस्केट या वळूचे नाव मोठे. १८७८ मध्ये तो ऑकलंडला आला. त्याच्या कार्बाइन नावाच्या पुत्राने १८९० चा मेलबर्न कप जिंकला. तरी या वसाहतीची खरी उभारणी नांगर ओढणाऱ्या अनाम घोड्यांनी केली.

१९११ मध्ये देशातील घोड्यांची संख्या चार लाखांवर गेली. तो उच्चांक ठरला. पुढे मोटारी आणि ट्रॅक्टर आले.