घरची बीअर, घरच्या कोंबड्या : इंग्लंडमधील अल्पभूधारकाच्या शरदऋतूविषयी काही विचार

इंग्लंडमधील ग्रामीण जीवनाच्या इतिहासात घरगुती बीअरचा विषय बहुधा अबकारी कराच्या प्रकरणात येतो आणि कोंबड्यांचा विषय बहुधा येतच नाही. करवसुलीचे कागद सरकारी दप्तरात सुरक्षित राहिले. कोंबड्यांचा हिशेब मात्र घरधनिणीच्या डोक्यात असे व तो तिच्याबरोबरच नाहीसा झाला. परिणामी घरी बीअर करण्याची प्रथा का लयास गेली ह्या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक कराच्या दरातच शोधीत राहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर अपुरे आहे. बीअर, पाव, डुक्कर, कोंबडी आणि सरपण ही त्या घरात एकाच साखळीची कडी होती, आणि ही साखळी शरदऋतूत जितकी स्पष्ट दिसते तितकी वर्षाच्या अन्य कोणत्याही काळात दिसत नाही. म्हणून येथे सप्टेंबर ते नोव्हेंबर ह्या तीन महिन्यांपुरताच विचार केला आहे.

तेथील शरद म्हणजे आपला आश्विन-कार्तिक नव्हे. आपल्याकडे ह्या सुमारास पावसाळा सरून आकाश निवळते. तेथे दिवस झपाट्याने लहान होत जातात, गारठा वाढतो आणि घर हिवाळ्याच्या तयारीस लागते. शेतीचे वर्षही तेथे ह्याच वेळी पालटे. २९ सप्टेंबर हा मायकेलमसचा सण खंड भरण्याचा, करार संपण्याचा व नवे सुरू होण्याचा दिवस. टॉमस टसर ह्याने १५७३ साली विस्तारून प्रसिद्ध केलेल्या आपल्या पद्यमय शेतीग्रंथात महिन्यांची गणती जानेवारीपासून न करता सप्टेंबरपासून केली आहे, ती ह्याच कारणाने.

सुगी झाली की प्रथम सरवा. कापणी होऊन पेंढ्या शेतातून हलल्या म्हणजे गावातील बायकामुले खाली पडलेली कणसे वेचण्यास जात. गव्हाचा सरवा घरच्या पावासाठी आणि जवाचा डुकरांसाठी व कोंबड्यांसाठी, अशी सामान्य वाटणी असे. हा गरिबांचा हक्क आहे की केवळ मालकाची मेहेरबानी, हा प्रश्न सफोकमधील टिमवर्थ येथील एका खटल्यात न्यायालयापुढे आला. स्टील विरुद्ध हॉटन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १७८८ साली न्यायालयाने निर्णय दिला की, सामान्य कायद्यानुसार सरवा वेचण्याचा असा कोणताही सार्वत्रिक हक्क नाही. तथापि निर्णयाने प्रथा लगेच थांबली नाही. पीटर किंग ह्यांच्या संशोधनावरून दिसते की, एकोणिसाव्या शतकातही अनेक गावी सरवा चालूच होता व मजुराच्या वार्षिक प्राप्तीत त्याचा वाटा उपेक्षणीय नव्हता. कायद्याचा इतिहास व प्रथेचा इतिहास एकाच गतीने चालत नाहीत, ह्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

आता बीअरकडे वळू. जव भिजवून जमिनीवर पसरावयाचा, त्यास मोड आला की भट्टीवर वाळवावयाचा. हा झाला माल्ट. उन्हाळ्याच्या उष्म्यात मोड आणण्याचे काम बिघडते, म्हणून माल्ट करण्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन वसंतापर्यंत चाले. दीर्घकाळ टिकणारी बीअर करण्यास मार्च आणि ऑक्टोबर हे दोन महिने उत्तम मानीत, कारण फार उष्णता वा फार थंडी ही दोन्ही आंबवण्याच्या क्रियेस मारक. उष्णतामापक नसलेल्या घरात उकळते पाणी थोडे निवू देत. वाफ ओसरून पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की ते भरडलेल्या माल्टवर ओतण्याजोगे झाले, असे समजत. पहिल्या पाण्याने निघालेल्या रसाची बीअर कडक. त्याच माल्टवर पुन्हा पाणी ओतून काढलेली दुसरी बीअर सौम्य, ती मुलांनी व नोकरांनी जेवणाबरोबर प्यावयाची. हॉपची फुले सप्टेंबरात खुडलेली असत. त्यांच्या कडवटपणामुळे बीअर टिके.

ह्या कृतीतून पिण्याखेरीज आणखी दोन वस्तू हाती येत, आणि लेखाचा मुख्य मुद्दा ह्या दोन वस्तूंशी निगडित आहे. पहिली म्हणजे आंबणाऱ्या रसावर येणारा फेस. त्यातील किण्वाने घरचा पाव फुगे. दुसरी म्हणजे माल्टचा चोथा. तो डुकरापुढे जाई, कोंबड्यांपुढे जाई. म्हणजे ज्या घरात बीअर होत असे त्या घरात पावासाठी किण्व विकत घ्यावे लागत नसे आणि जनावरांच्या खाद्याचा काही भाग आपोआप भागत असे. बीअर बंद झाली की केवळ एक पेय जात नसे. पावाची भट्टी थंडावे व खुराड्याचा खर्च वाढे.

ह्या व्यवस्थेचे एक जुने चित्र विल्यम हॅरिसन ह्या एसेक्समधील रॅडविंटरच्या पाद्र्याने काढून ठेवले आहे. १५७७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या व १५८७ साली वाढविलेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात तो सांगतो की, त्याची पत्नी व मोलकरणी महिन्यातून एकदा बीअर करीत. आठ बुशेल माल्ट घरच्या जात्यावर भरडावयाचा, म्हणजे गिरणीचा आकार वाचतो. त्यात अर्धा बुशेल गव्हाचे पीठ व तितकेच ओट मिसळावयाचे. वीस शिलिंग खर्चात दोनशे गॅलनच्या आसपास बीअर पदरात पडते, असा त्याचा हिशेब आहे. वर्षाला चाळीस पौंड मिळवणारा हा गृहस्थ स्वतःस गरीब म्हणवतो, हे गमतीचे खरे. मजुराच्या दृष्टीने तो श्रीमंतच होता. परंतु गिरणीचा आकार चुकवण्यासाठी घरच्या जात्यावर भरडण्याची ती दक्षता मराठी वाचकास परकी वाटणार नाही. लक्षात घेण्यासारखी दुसरी गोष्ट अशी की, कृती सर्वस्वी पत्नीची असून लेखणी पतीची आहे. जर्व्हेस मार्कमच्या १६१५ सालच्या गृहिणीविषयक ग्रंथातही माल्ट करणे व बीअर करणे ही स्त्रीच्या कौशल्याचीच अंगे मानली आहेत. विक्रीच्या धंद्यातून मात्र स्त्रिया तोपर्यंत मागे हटू लागल्या होत्या. ज्यूडिथ बेनेट ह्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १३०० ते १६०० ह्या काळातील ही प्रक्रिया विस्ताराने मांडली आहे.

कोंबड्यांच्या बाबतीत साधनांची अडचण अधिक आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील मयतांच्या चीजवस्तूंच्या याद्यांत माल्टची पिंपे व पितळेच्या कढया आवर्जून नोंदलेल्या आढळतात. कोंबड्या मात्र आल्याच तर ‘अंगणातील पाखरे’ अशा मोघम शब्दांत. यादी बहुधा पुरुषाच्या मालमत्तेची, आणि कोंबड्या व अंड्यांचा पैसा हे बाईचे खाते. तरीही ऋतुमानाचा एक विश्वसनीय पुरावा त्याहून जुन्या दप्तरात मिळतो. मध्ययुगीन जमीनदारीत कुळांनी नाताळात कोंबडी व ईस्टरला अंडी द्यावयाची असा रिवाज ठिकठिकाणी होता. ही विभागणी सोयीची होती. दिवस लहान झाले की कोंबड्या पिसे टाकतात व अंडी घालणे कमी करतात, कित्येक थांबवतातच. वसंतात दिवस वाढले की पुन्हा घालू लागतात. म्हणून शरदात घरधनिणीला निवड करावी लागे. म्हाताऱ्या कोंबड्या हिवाळाभर पोसावयाच्या की बाजारात न्यावयाच्या? वसंतात उबवलेल्या तलंगांपैकी किती ठेवावयाच्या? कारण हिवाळ्यात अंडी मिळालीच तर ती ह्या तलंगांपासून. हा निर्णय घरातील दाण्यावर अवलंबून असे, आणि दाणा सरव्यावर व चोथ्यावर. अकरा नोव्हेंबरचा मार्टिनमस आला की डुकराची पाळी येई. तोवर त्याला ओकची फळे, चोथा व उष्टे ह्यांवर पुष्ट केलेले असे. मारल्यावर मांस खारवून हिवाळ्यासाठी टांगून ठेवीत.

ही व्यवस्था मोडू लागली तेव्हा तिचा सर्वांत बोलका वकील म्हणून विल्यम कॉबेट पुढे आला. १७६३ साली हॉपच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फार्नम येथे त्याचा जन्म झाला. १८२१-२२ मध्ये त्याने झोपडीच्या अर्थव्यवस्थेवर एक ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध केला, आणि त्यात पहिला मान बीअरला दिला. मजुराच्या कुटुंबास ऑक्टोबर ते मार्च रोज दोन क्वार्ट, एप्रिल-मेमध्ये तीन, जून व सप्टेंबरात चार आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाच, अशी त्याची आकारणी आहे. वर्षाची बेरीज १,०९७ क्वार्ट, म्हणजे सुमारे २७४ गॅलन होते. चहा हा त्याचा मोठा शत्रू. चहा महाग, निःसत्त्व व वेळखाऊ आहे, हे तो आकडे मांडून पटवतो. चाळीस रॉड जमिनीच्या, म्हणजे पाव एकराच्या, आपल्या भाषेत दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर गाय कशी पाळावी हेही तो सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी घर असून त्यात बीअर होत नाही असे क्वचितच घडे, असा त्याचा दावा आहे. त्याच सुमारास, १८२१ साली, ससेक्समधील ग्लाइंडचा नामांकित मेंढीपालक जॉन एल्मन ह्याने संसदेच्या समितीपुढे अशाच आशयाची साक्ष दिली. तो शेती करू लागला तेव्हा गावातील सर्व कुटुंबे स्वतःची बीअर करीत, आणि आता जवळजवळ कोणीच करीत नाही.

कॉबेटने दोष दिला तो मुख्यतः माल्टवरील कराला. विक्रीसाठी केलेल्या बीअरवर निराळा कर होता व घरगुती बीअर त्यातून सुटे. पण माल्टवरचा कर मात्र सर्वांनाच लागू होता, आणि नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळात तो फार चढला. हे सर्व सत्य आहे. परंतु हा कर १६९७ पासूनच होता, आणि त्यानंतर शतकभर घरगुती बीअर टिकून राहिली. शिवाय कर १८८० साली ग्लॅडस्टनने रद्द केल्यावर ती परतली नाही. केवळ कर हेच कारण असते तर असे का व्हावे?

फ्लोरा थॉम्पसन ह्यांच्या लेखनात ह्या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्या १८७६ साली ऑक्सफर्डशायरमधील जुनिपर हिल ह्या वाडीत जन्मल्या. बालपणीच्या आठवणींवर आधारलेले त्यांचे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. ते कादंबरीच्या अंगाने लिहिलेले असल्याने इतिहासकाराने जपून वापरावे हे योग्यच. तथापि त्यातील वृद्ध सॅलीचे चित्र महत्त्वाचे आहे. सॅलीच्या लहानपणी वाडीभोवती मोकळे माळरान होते. तिच्या बापाची गाय, बदके, कोंबड्या, डुकरे आणि माल बाजारात नेण्यास गाढवाची गाडी होती. माळ कुंपणबंद झाल्यावर शेजाऱ्यांच्या घरांतून हे सर्व गेले. उरला एक डुक्कर आणि भाजीचा तुकडा. कॉबेटच्या हिशेबात न आलेली गोष्ट येथे दिसते. माल्टचा रस तासन्‌तास उकळण्यास सरपण लागते, आणि सरपण गायरानातून येई. चोथ्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो खाणारी जनावरे दारात असतील. कढई, पिंपे, थंड कोठार ह्यांस जागा लागते. भाड्याच्या दोन खोल्यांत ती कोठून येणार? जेन हम्फ्रीज (१९९०) व जे. एम. नीसन (१९९३) ह्यांनी गायरानाचे व त्यावर अवलंबून असलेल्या स्त्रियांच्या श्रमाचे मोल दाखवून दिले. त्यापूर्वी चेंबर्स व मिंगे (१९६६) ह्यांनी हॅमंड दांपत्याच्या १९११ च्या करुण चित्रावर जे आक्षेप घेतले, ते आकडेवारीच्या दृष्टीने वजनदार होते. परंतु त्यांची आकडेवारी मजुरीच्या पैशांत मोजली जाणारी होती. सरवा, सरपण, चोथा व अंडी त्या मोजमापात बसत नाहीत.

उलट बाजूही नमूद केली पाहिजे. हे घर कधीच पूर्णपणे स्वयंपूर्ण नव्हते. मीठ, लोखंड, बहुधा हॉप, आणि पुष्कळदा माल्टदेखील विकतच आणावा लागे. खंड भरण्यासाठी अंडी व पिल्ले विकावी लागत. कॉबेटचे सुवर्णयुग जितके सोनेरी दिसते तितके ते नव्हते, आणि गृहिणीच्या पाठीवर त्याचा किती भार होता ह्याकडे त्याचे लक्ष जवळजवळ नाही.

माल्टवरील कर गेला तरी १८८० च्या कायद्याने घरी बीअर करणाऱ्यास परवाना आवश्यक झाला. येथे तुलनेसाठी आपल्या इलाख्याची आठवण होते. मुंबईचा अबकारी कायदा १८७८ चा. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठ्यावर व वाहतुकीवरच बंधने आली. इंग्लंडमधील झोपडीवाल्यास परवान्यानिशी का होईना, आपल्या पिंपाशी बसता येत होते. ठाण्याच्या रानातील वारल्याला मोहाची फुलेसुद्धा मनाप्रमाणे बाळगणे कठीण झाले.

इंग्लंडमधील परवान्याची अट अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग ह्यांनी १९६३ साली काढून टाकली. त्याआधी दोन वर्षे जॉन सेमूर ह्यांनी सफोकमधील आपल्या पाच एकरांच्या जागेविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. घरची बीअर, घरच्या कोंबड्या, घरचे डुक्कर हे सर्व त्यात आहे आणि कॉबेटचा वारसाही स्पष्ट आहे. परंतु सेमूर कुटुंबाने हे जीवन पसंतीने पत्करले होते आणि त्याला लेखनाच्या प्राप्तीचा आधार होता. पुस्तकातील चित्रे त्यांच्या पत्नी सॅली ह्यांनी काढलेली आहेत.