पाय कुणाचा, ठसा कुठं?

जेवणं आटोपली असतील तर बसून ऐका, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. आज एका फॉर्मची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या फॉर्ममागचा इतिहास.

मागच्या उन्हाळ्यात तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. विषय होता 'पर्यावरणीय पाऊलखूण'. म्हणजे एका माणसाच्या जगण्यासाठी धरतीची किती जागा लागते, त्याचं माप. प्रत्येकीला फॉर्म मिळाला. लिहिता न येणाऱ्या अकरा जणींचे फॉर्म मीच भरले. वर्षाला विमानप्रवास किती तास? शून्य. चारचाकी कोणती? नाही. घरात माणशी खोल्या किती? इथं बाया हसायलाच लागल्या. मग आलं स्वयंपाकाचं इंधन: वीज, गॅस, लाकूड. आमच्या वऱ्हाडात चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात. त्यांचा रकानाच नव्हता. म्हणून मी 'लाकूड'वर खूण केली आणि पुढं गेले.

बेरीज झाल्यावर शिकवणारे साहेब म्हणाले, तुमची पाऊलखूण लहान आहे, छान आहे, पण लाकूड जाळणं कमी करा, जंगल तुटतं. तेव्हा साठीच्या पुढच्या एक मावशी उठल्या. "माह्या धुऱ्यावर एकच बाभूळ हाये, थे बी म्या कधी तोडली नाही. पऱ्हाटी चुलीत नाही घातली तं वावरातच पेटवा लागते. मंग जंगल कोनं तोडलं बाप्पा?"

साहेब गप्प बसले. मीही गप्प बसले, आणि ती खूण तर माझ्याच हातची होती. घरी येऊन झोप लागेना. बीएला माझा इतिहास होता, तेव्हा म्हटलं, निदान हे माप आलं कुठून ते तरी शोधू.

हे माप कॅनडात जन्मलं. विल्यम रीस नावाचे प्राध्यापक व्हँकुव्हर शहरातल्या विद्यापीठात शिकवत. लहानपणी ते आजोबांच्या शेतावर जायचे. नऊ-दहा वर्षांचे असताना एकदा दुपारच्या जेवणाला बसले आणि ताटाकडं बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की यातलं सगळं पिकवायला माझाही हात लागलाय. आपल्या लेकरांना यात काही नवल वाटणार नाही. पण शहरात शिकवताना त्यांना तेच ताट आठवायचं. एवढ्या मोठ्या शहराच्या ताटातलं येतं कुठून, आणि ते पिकवायला जमीन किती लागते? 1992 साली त्यांनी यावर लेख लिहिला. पुढं माथिस वाकरनागेल या स्वित्झर्लंडच्या विद्यार्थ्यानं त्यांच्या हाताखाली हिशोबाची रीत पक्की केली आणि 1996 साली दोघांचं पुस्तक निघालं. 'पाऊलखूण' हा शब्द मात्र संगणकावरून आला. टेबलावर कमी जागा व्यापणाऱ्या संगणकाची 'पाऊलखूण लहान' असं इंग्रजीत म्हणतात, ते रीस यांनी उचललं.

रीत अशी. आपण खातो त्याला वावर लागतं. दूध-मटणाला चराई लागते. मासळीला पाणी, लाकडाला आणि कागदाला जंगल, घराला आणि रस्त्याला जागा. आणि कोळसा-पेट्रोल जाळून जो धूर निघतो तो शोषून घ्यायला जेवढं जंगल लागेल, तेही त्यात धरायचं. जगाच्या हिशोबात निम्म्याहून जास्त वाटा या शेवटच्या रकान्याचाच असतो. काळी कसदार जमीन आणि मुरमाड बरड सारखी कशी धरणार? म्हणून सगळं जगाच्या सरासरी पिकाऊ जमिनीत बदलून घेतात. व्हँकुव्हर ज्या खोऱ्यात आहे, त्या खोऱ्याचा हिशोब या दोघांनी केला. तिथल्या लोकांना स्वतःच्या खोऱ्याच्या जवळपास 20 पट जमीन लागत होती. म्हणजे बाकीची जमीन दुसऱ्याच्या गावची होती.

आता देशांचे आकडे. ते हेक्टरमध्ये असतात, मी आपल्या एकरात सांगते. अमेरिकेतल्या एका माणसाला सरासरी 20 एकरांच्या आसपास लागतात. भारतातल्या माणसाला 3 एकरांच्या आत-बाहेर. सगळ्या जगात पिकाऊ जागा वाटून दिली तर माणशी साधारण 4 एकर येते. मग आपण शहाणे ठरलो का? नाही, कारण भारताची स्वतःची जागा माणशी एक एकरच भरते. देश म्हणून आपणही तुटीत आहोत. आणि 3 एकर ही सरासरी आहे. मुंबईतल्या चार गाड्यांच्या घराची आणि आमच्या मावशींची बेरीज करून भागाकार केला, की दोघींच्या नावावर तेच 3 एकर लागतात.

सगळ्या जगाचं म्हणाल, तर 1970 च्या सुमारापासून धरती वर्षाला जेवढं पिकवते त्यापेक्षा माणसं जास्त वापरतात. बचत गटाच्या भाषेत, व्याजावर भागत नाही म्हणून मुद्दलाला हात घातलाय. 2025 साली वर्षभराचं व्याज 24 जुलैलाच संपलं, असा हिशोब निघाला.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते या मापाच्या आधीच्या एका शब्दानं. जॉर्ज बोर्गस्ट्रॉम नावाच्या शास्त्रज्ञानं 1965 साली 'भुताचे एकर' असा शब्द वापरला. एखादा देश जी जमीन वापरतो पण जी त्याच्या नकाशात दिसत नाही, ती. इंग्लंडचा हिशोब केनेथ पोमेरान्झ या इतिहासकारानं 2000 सालच्या पुस्तकात मांडलाय. 1830 साली इंग्लंड जेवढा कापूस अमेरिकेतून आणत होतं, त्याऐवजी तेवढं सूत घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचं काढायचं म्हटलं असतं, तर 2 कोटी 30 लाख एकरांहून जास्त कुरण लागलं असतं. इंग्लंडची सगळी शेतं आणि कुरणं मिळूनही तेवढी होत नव्हती. तो कापूस अमेरिकेच्या मातीत गुलामांकडून पिकवून घेतलेला होता.

आणि मग बायांनो, पाळी आपली आली. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. इंग्रजांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर होतीच. भाव चढले. रेल्वे वऱ्हाडातून 1867 ला नागपुरापर्यंत पोचली. खामगावच्या बाजाराचं नाव विलायतेत घेतलं जाऊ लागलं. आपली शकुंतला गाडीसुद्धा पुढं कापूस वाहायलाच आली, आपल्याला माहेरी न्यायला नव्हे. युद्ध संपलं तसे भाव कोसळले, पण कापूस राहिला आणि त्यानं ज्वारीची जागा खाल्ली. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात किती माणसं मेली ते वाचवत नाही. जमीन आपली होती, राबणारे हात आपल्या खापरपणज्यांचे होते, आणि पाऊलखूण मँचेस्टरची.

हे फॉर्मवर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

अशीच एक लढाई दिल्लीत झाली, जमिनीच्या हिशोबाची नव्हे, धुराच्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेनं 1990 मध्ये अहवाल काढला, त्यात हवा तापवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत, चीन आणि ब्राझील येत होते. भारताचं माप वाढलं त्यात धानाच्या बांधीतून आणि गुराढोरांमुळं निघणाऱ्या वायूचा मोठा हात. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 साली पुस्तिका लिहून याला उत्तर दिलं. पोटासाठी धान लावणाऱ्याचा वायू आणि हौसेच्या मोटारीचा धूर एकाच वहीत एकाच भावानं कसा मांडता, असा त्यांचा सवाल होता. भंडारा-गोंदियाच्या धान लावणाऱ्या बहिणींनो, तुमच्या बांधीवर जगात भांडण झालंय हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं 2004 च्या सुमारास बीपी या तेलकंपनीनं लोकांना स्वतःच्या धुराची पाऊलखूण मोजायला सांगणारी मोठी जाहिरात चालवली. तेल विकणारा हिशोब घेतोय गिऱ्हाइकाचा! मला हे वाचून हसू आलं आणि रागही.

म्हणून माप खोटं आहे का? मला तसं वाटत नाही. चूक आहे ती कुणाला मोजायचं आणि कोणते रकाने ठेवायचे यात. या मापात जमिनीखालचं पाणी धरलेलंच नाही. बोअर पाचशे फुटांवर नेऊन दोन पिकं काढली, तर हिशोबात जमीन जास्त पिकाऊ दिसते. आपल्याला कोरडी विहीर दिसते. चुलीचंही तसंच. चुलीच्या धुरानं बाईची छाती भरते, हे गॅस घेण्याचं खरं कारण आहे. ते सांगा ना, जंगलाचा आळ कशाला?

मी पुढच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, मंग फॉर्म आपनच करू. आम्ही दोनशे पानी वही घेतली, तीन रकाने आखले: घरात काय आलं, कुठून आलं, कुणाच्या जमिनीवरचं. आठ दिवस प्रत्येकीनं लिहिलं किंवा पोरांकडून लिहून घेतलं. तूर घरची, ज्वारी अर्ध्या जणींची घरची, तांदूळ रेशनचा. पऱ्हाट्यांना यावेळी स्वतःची ओळ मिळाली.

तेलाच्या ओळीवर अडलो. बहुतेकींच्या घरी पाऊच पामतेलाचा. हे तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. तिथं ताडासारखी झाडं लावायला मोठमोठी जंगलं साफ केली गेली. मावशींच्या लहानपणी घाण्यावरचं करडईचं आणि जवसाचं तेल घरात असायचं, करडई त्यांच्याच वावरात होती. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे आपलाबी पाय तिथवर गेला."

तिसऱ्या रकान्यात त्यांनी माझ्याकडून 'इंडोनेशिया' लिहून घेतलं. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी तालुक्याच्या घाण्यावर जाऊन करडईच्या तेलाचा भाव विचारून आलो. पाऊचच्या मानानं फार महाग आहे. सोळा जणींनी मिळून करडई पेरली तर घाणावाला दळणाचे काय घेईल, ते त्यानं सोमवारी सांगतो म्हटलंय.