उलटा फिरलेला डायनॅमो

आमच्या अण्णांच्या सायकलीला डायनॅमो होता. तिन्हीसांजेला गावाबाहेर पडले की ते खाली वाकून त्याची कळ दाबीत. डायनॅमोची टोपी पुढच्या टायरला जाऊन चिकटे, घरघर सुरू होई आणि दिवा पेटे. मी पुढच्या दांडीवर बसलेला असे. दिवा लागला की सायकल जड होते, हे मला त्यांच्या श्वासावरून समजे. एकदा चढावर मी त्याचे कारण विचारले. ते म्हणाले, "दिवा फुकट मिळत नसतो, बाळ. तो पायांनी भरावा लागतो."

अण्णा गेले आणि सायकल पडवीत राहिली. काळा रंग, अठ्ठावीस इंची चाके, सळयांचे ब्रेक. भंगारवाला दोनदा येऊन वजनावर तिची किंमत करून गेला. इकडे माझी शाळा चढावर आणि गुडघे चाळिशी ओलांडलेले. अखेर पेठेतले सायकलवाले मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, मोटर बसवू या. चाकातच बसते. फ्रेमला हात लावायचा नाही." आईला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मोटर लावल्यावर ती अण्णांची राहील का रे?"

प्रश्न साधा होता, पण मला तो सुटेना. मास्तराची खोड अशी, की उत्तर सापडले नाही म्हणजे तो पुस्तके उघडतो. मीही उघडली, आणि अण्णांच्या त्या डायनॅमोपाशीच येऊन पोहोचलो.

डायनॅमो म्हणजे चुंबक आणि तारेचे वेटोळे. यातले एक दुसऱ्याजवळ फिरविले की वीज निघते. उलट बाहेरून वीज दिली तर तेच यंत्र स्वतः फिरू लागते. ही गोष्ट 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात जगासमोर आली. तेथे झेनोब ग्राम यांच्या एका यंत्राची वीज तारेने दुसऱ्या यंत्राला दिली गेली, आणि ते दुसरे यंत्र मोटर होऊन फिरू लागले. एका कामगाराने चुकून तारा जोडल्या आणि हा शोध लागला, अशीही कथा सांगतात. खरी असो वा नसो, शोध चुकीने लागला म्हटले की शाळेतल्या मुलांना बरे वाटते.

त्यानंतर आठच वर्षांनी, 19 एप्रिल 1881 रोजी, पॅरिसच्या र्‍यू द व्हाल्वा या रस्त्यावर एक तीनचाकी सायकल विजेवर धावली. ती धावविणारा गुस्ताव त्रूव्हे हा नाजूक यंत्रे बनविणारा कारागीर होता. विजेवर हलणारे चिमुकले दागिनेही त्याने केले होते. मला नवल वाटले ते याचे, की त्याने गाडी नवी घडविली नाही. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची एक तयार तीनचाकी सायकल घेतली, तिला आपल्या छोट्या मोटरी जोडल्या आणि वीज साठविणाऱ्या बॅटऱ्या तिच्यावर चढविल्या. स्वारासकट सारे वजन सुमारे 160 किलो भरले आणि वेग ताशी 12 किलोमीटर मिळाला. म्हणजे विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या वंशावळीत आरंभीच एक दुरुस्त केलेली सायकल उभी आहे. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते पान्यावरची मान वर न करता म्हणाले, "मग आपणही त्याच धंद्यातले."

पुढे 1895 च्या अखेरीस अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन यांनी दोनचाकी सायकलीचे पेटंट घेतले. त्यात मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आणि बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात टांगलेली होती. आज बाजारात मिळणारी जुळणी पाहिली तर तिचा आराखडा मुख्यत्वे हाच आहे. मग मधली शंभर वर्षे ही सायकल होती कुठे?

याचे उत्तर मला पुस्तकाआधी माझ्या कॅरिअरने दिले. स्वस्त पडतात म्हणून मी प्रथम शिशाच्या तीन बॅटऱ्या आणल्या. प्रत्येकी सुमारे चार किलो. बारा किलोंचा हा संसार मागे बांधून शाळेपर्यंत गेलो, आणि तिसऱ्या दिवशी एका खड्ड्यात कॅरिअरने मान टाकली. शिशाची बॅटरी गास्तों प्लान्ते यांनी 1859 साली केली. तिने उपकार पुष्कळ केले, पण तिचे वजन सायकलीला कधीच पेलले नाही. बुद्धी 1881 सालीच तयार होती. अडले होते ते वजनापाशी.

म्हणून मधल्या काळात सायकलीला जे जोडले गेले ते तेलाचे इंजिन. यातली एक हकिकत मला फार आवडते. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानात, हामामात्सु गावी, 1946 साली सोइचिरो होंडा यांना लष्कराच्या बिनतारी यंत्रांसाठी केलेली छोटी इंजिने सापडली. त्यांनी ती सायकलींवर बसविली. पहिल्या खेपेला तेलाची टाकी म्हणून अंथरुणात शेकायची गरम पाण्याची बाटली वापरली. धान्य आणण्यासाठी बायको सायकल मारीत दूरवर जाते, तिचे कष्ट पाहवेनात, म्हणून हे केले, असे होंडा पुढे सांगत. बाईंनी मात्र नंतर सांगून टाकले, की ही गोष्ट मागाहून रचलेली. बाईमाणसाला ही गाडी झेपते का, एवढेच यांना पाहावयाचे होते!

वजनाचा प्रश्न सुटावयास शतक सरत यावे लागले. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपान आणि अमेरिका येथे निओडायमियमचे जबरदस्त चुंबक तयार झाले आणि मोटर लहान झाली. 1991 साली लिथियमची बॅटरी बाजारात आली. तिच्यामागच्या तिघा शास्त्रज्ञांना 2019 साली नोबेल मिळाले. माझ्या सायकलीवरची बॅटरी आता तीन किलोंच्याही आत आहे. तिच्यात 360 वॉट-तास वीज मावते, म्हणजे घरच्या मीटरचा सुमारे तिसरा हिस्सा युनिट. साधा माणूस सायकल मारताना सुमारे 75 वॉट शक्ती लावतो. या हिशेबाने त्या डब्यात जवळजवळ पाच तासांचे पाय भरलेले असतात.

मिस्त्रींनी दोन दिवस काम केले. पुढचे चाक काढून 250 वॉटची मोटर गुंफलेले नवे चाक चढविले आणि त्याचा आउट काढला. मोटर चाक पुढे रेटते तेव्हा आस चिमट्याच्या खाचेत उलट फिरू पाहतो. तो निसटला तर चाकच बाहेर. म्हणून त्यांनी आसाला घट्ट धरणारी पोलादी पट्टी बसविली. पुढे नवा ब्रेक घातला, आणि ब्रेक दाबताच मोटरची वीज तुटेल अशा मुठी लावल्या. "पळविणे सोपे असते, गुरुजी," ते म्हणाले, "थांबविणे आधी बघायचे." जुने चाक त्यांनी तारेला बांधून मला परत दिले. कधी वाटले तर दहा मिनिटांत ते पुन्हा चढविता येईल.

त्रूव्हे 1902 साली गेला. काम करताना हात कापला, जखमेकडे दुर्लक्ष झाले आणि विष भिनले. पुढे गावच्या स्मशानातील त्याच्या थडग्याची मुदत कोणी वाढविली नाही, म्हणून अस्थी सामाईक खड्ड्यात गेल्या. 1980 साली नगरभवनाला आग लागून त्याचे कागदपत्रही जळाले. हे वाचले त्या रात्री मला आईच्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे सापडले. वस्तू जशीच्या तशी ठेवली म्हणजे माणूस राहतो, असे नाही. कागद जळतात, दगड हलतात. एकाच्या हातची वस्तू दुसऱ्याच्या हातात चालती राहिली, तर त्याचे काहीतरी उरते.

डायनॅमो मात्र मी काढू दिला नाही. परवा संध्याकाळी चढाला लागलो, खाली वाकून कळ दाबली. घरघर झाली, दिवा पेटला, पण सायकल जड झाली नाही. क्षणभर वाटले, अण्णांचे म्हणणे खोटे पडले. मग लक्षात आले, की भार पायांवरून बॅटरीवर गेला एवढेच. ती बॅटरी रात्री भिंतीतल्या विजेवर भरते. त्या विजेत चंद्रपूरचा कोळसा असतो, कोयनेचे पाणी असते, आणि त्या पाण्याखाली गेलेली गावेही असतात. माझे गुडघे वाचतात, त्याचा हिशेब कुठेतरी कोणाच्या तरी नावे मांडला जातो. म्हणून सपाटीवर मी मोटर बंद करून पायडल मारतो.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर होती. घरघर दुरूनच ऐकून ती उठली होती. म्हणाली, "आवाज तोच आहे रे."