हत्याराचे पाणी

दांडी म्हटले की १९३० सालची मिठाची यात्रा आठवते. ती दांडी गुजरातेतली. आम्ही बोलत आहोत ती पालघर जिल्ह्यातली, बोईसरच्या पश्चिमेची मच्छीमारांची दांडी. तिच्या परिसरात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. याच कंपनीचे संशोधक एल. एफ. कॉफिन यांनी वारंवार तापण्यानिवण्याने धातूचे काय होते याचा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध केला. एस. एस. मॅन्सन हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच नियमापाशी पोहोचले होते : दर फेरीत धातूचा आकार जितका अधिक कायमचा बिघडतो, तितक्या कमी फेऱ्यांत तो तडकतो.

या नियमाची रोजची कसोटी म्हणजे ॲल्युमिनियम ओतण्याचा पोलादी साचा. ६६० अंश सेल्सियसहून तप्त रस आत येताच साच्याचा पृष्ठभाग प्रसरण पावू पाहतो. आतले थंड पोलाद त्याला अडवून धरते. निवताना तोच पृष्ठभाग ताणला जातो. हजारो फेऱ्यांनंतर त्यावर केसासारख्या भेगांची जाळी उमटते.

साचा थरांनी रचला तर? पवईच्या आयआयटीत के. पी. करुणाकरन आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात वेल्डिंगने धातूचे थर चढवून, मग यंत्राने तासून साचे घडवण्याची पद्धत विकसित केली. अशा धातूला तापण्यानिवण्याचा अनुभव जन्मापासूनचा. प्रत्येक नवा थर खालच्याला पुन्हा तापवतो. लेसरने भुकटी वितळवून रचलेले पोलाद झटपट निवते, त्यामुळे त्याची घडण बारीक आणि कठीण होते; पण आत ताण आणि सूक्ष्म पोकळ्या उरतात. भेग तेथूनच सुरू होऊ शकते. म्हणून उष्णोपचाराने ताण उतरवावा लागतो. शिवाय थरांच्या रचनेत साच्याच्या पोटात वळणावळणाचे पाण्याचे मार्ग ठेवता येतात. सरळ जाणाऱ्या ड्रिलला ते साधत नाही.

लोहार तापलेले हत्यार बुडवतो, त्याला मराठी ‘पाणी देणे’ म्हणते. माणसाचेही आपण पाणीच जोखतो, आणि बहुधा एकाच प्रसंगावरून जोखतो. आपल्या चरित्रलेखनाची आणि समीक्षेचीही ही जुनी सवय आहे. साच्याचे पाणी मात्र हजाराव्या फेरीनंतर कळते. आणि तोवर तो टिकला, तर त्यात आतला ताण वेळीच उतरवणाऱ्याचाही वाटा असतो.