शाळेच्या इमारतीचा निधी : मागणी कुठे नोंदवायची?

गुहागर तालुक्यातील अंजनवेलसारख्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेला नवी इमारत हवी असेल, तर नुसत्या निवेदनाने भागत नाही. पैसा मुख्यतः जिल्हा नियोजन समितीकडून किंवा समग्र शिक्षा योजनेतून (केंद्र ६०, राज्य ४० टक्के) येतो. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २२ नुसार अनुदानाचा आधार असतो शाळा विकास आराखडा, आणि तो करते शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान ७५ टक्के पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, हे कलम २१ सांगते. आपल्या वस्त्यांत ही तरतूद फारशी कुणी वाचलेली नसते! म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, पालकसभेची तारीख विचारा आणि बौद्धवाडीतल्या आयांना सोबत घेऊन जा.